न्हाणीमागची हेलिकोनिया

१४ जून. सकाळपासून हेलिकोनियाचे गड्डे फोडते आहे. दोन दिवस झोडपून पाऊस आज जरा थांबलाय, माती ओली आहे पण चिखल नाही, आणि हे काम उद्यावर टाकलं की ते वर्षावर जातं. एकेका तुकड्याला दोन-तीन कोंब ठेवायचे, दांडे गुडघ्याच्या वर छाटायचे, काळा पडलेला भाग निर्दयपणे कापून टाकायचा आणि कापलेल्या जागी राख चोळायची. मधेच फोन वाजतो. कुणीतरी पानाचा फोटो पाठवलेला असतो, ‘ताई, ही कुठली?’ पानावरून हेलिकोनियाची जात सांगणं म्हणजे पाठमोऱ्या बाईचं नाव सांगणं. फूल आल्यावर पाठवा, असं मी लिहिते. लोकांना थांबायचं नसतं. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी कळवलं की दोन वर्षं नुसती पानंच आली म्हणून त्यांनी ती उपटून टाकली. मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ कोयता हातात घेतला नाही. एवढा जुना राग अजून इतका ताजा असावा याचं मलाच नवल वाटलं. तो एकदा लिहून काढावा म्हणून आज बसले.

आमचं घर पेणला, रामवाडीच्या अलीकडे. पुढे बाबांची पिठाची गिरण, मागे आम्ही. गिरण सुरू असली की घरातली मांडणीवरची भांडी बारीक थरथरत आणि सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. गिरण बंद झाली तरी ओरडून बोलायची सवय जात नसे, त्यामुळे परक्याला वाटावं, या घरात सदा भांडण चाललंय. बऱ्याचदा चाललेलं असेही. आईच्या केसांत, डाळीच्या डब्यावर, देवांच्या डोक्यावर पिठाचा पातळ थर असायचा. धरमतरकडच्या गावांतून बायका तांदूळ दळायला येत, पाळी येईपर्यंत परसात येऊन बसत, आईशी सुकटीच्या आणि वालाच्या गप्पा मारत. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि बिरडं, रात्री उरलेलं. भाकऱ्या मी भाजायची. माझा भाऊ सुरेशदादा नागोठण्याला कंपनीत लागल्यापासून त्याची शिफ्ट असेल त्याप्रमाणे माझी चूल पेटायची. मी बारावी झाले होते. पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: स्थळ येईपर्यंत भाकऱ्या.

घरामागे न्हाणी, आणि न्हाणीच्या भिंतीला लागून एक अरुंद पट्टी होती. न्हाणीचं सांडपाणी तिथे जायचं. कोकणात अशा जागी अळू आणि कर्दळ असते, जरा लांब केळ असते; तशी आमच्याकडेही होती. पट्टीचा पलीकडचा कोपरा मोकळा, दगडगोट्यांचा. तो मी मागून घेतला. ‘घे. साप निघाला तर बोंब मारू नको,’ एवढंच बाबा म्हणाले. त्या घरात कपडे सोडले तर माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती.

हेलिकोनिया तिथे आली ती रोह्याहून. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, रोह्याला राहायची. तिचे यजमान धाटावला कंपनीत होते आणि कॉलनीतली बाग उखडून तिथे काहीतरी बांधायचं चाललं होतं. आम्ही दोघी सकाळी फिरायला गेलो तर कुंपणाबाहेर गड्ड्यांचा ढीग पडलेला. आत्याने विचार केला नाही, पदर खोचला. ‘आल्यासारखा दिसतोय. आलं नसलं तर हळद. दोन्ही नसलं तर टाकून देऊ.’ तिथल्या माळ्याने हसून सांगितलं, आलंही नाही आणि हळदही नाही, ही हेलिकोनिया. कुठली, ते मात्र त्याला माहीत नव्हतं. बागेत तीन-चार जाती होत्या आणि उखडताना सगळ्या एकात एक झाल्या होत्या. काहींचं फूल ताठ उभं येतं, काहींचं माळेसारखं खाली लोंबतं. ‘फूल येईल तेव्हा कळेल. शेवटचं पान छोटं येतं बघ. छोटं पान आलं की समज, मागनं फूल येतंय.’ मी ते गड्डे गोणपाटात बांधून एसटीने पेणला आणले.

पहिल्या पावसाळ्यात पानं आली. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माझ्या डोक्यावर गेली. बघणारा प्रत्येक जण त्यांना केळ म्हणायचा. मी जवळ बसून बघितल्यामुळे मला फरक दिसायला लागला होता. केळीची पानं खोडाभोवती फिरत फिरत येतात. हिची डावीकडे एक, उजवीकडे एक, वल्ह्यांसारखी, एका रेषेत. केळ कापली की चीक येतो आणि कपड्यावर पडला तर डाग जात नाही. हिचं तसं नाही. कर्दळीशी तर संबंधच नको, कर्दळीचं फूल हातात कुस्करतं. हेलिकोनियाचा रंग असतो तो फुलाचा नसतोच, तो बाहेरच्या कडक होड्यांचा, आणि खरं फूल त्या होडीत बोटाच्या पेराएवढं लपलेलं. हे शेवटचं मला अर्थातच पुढे कळलं. तेव्हा मला फक्त पानं ठाऊक होती. सकाळी राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी मी बादलीने तिकडे न्यायची, साबणाचं पाणी दगड लावून दुसरीकडे वळवायची, गिरणीतला कोंडा कुजवून बुंध्याशी घालायची. दळायला आलेल्या बायकांना हा मोठा करमणुकीचा विषय होता.

‘नंदे, तुज्या केळीला लोंगर कधी येणार गो?’

‘ती केळ नाय, काकी.’

‘मग काय हाय?’

‘फूल आलं की सांगते.’

‘म्हंजे तुलाबी ठावं नाय! ऐकलंत काय गो, हिनं पावनी घरात ठेवलीय आन् नाव विचारलं नाय!’

त्या हसायच्या, मीही हसायची. त्या हसण्याचा मला राग नव्हता. राग यायला लागला तो दादाने मोटरसायकल घेतली तेव्हापासून. गाडी ओसरीत मावेना, अंगणात ठेवली तर दळणवाल्या बायकांची पिशवी लागून ओरखडा येई. मग दादाची नजर न्हाणीमागे गेली. तिथे सिमेंटचा कोबा करायचा, वर पत्रे टाकायचे, गाडीला शेड होईल. मी म्हटलं, ती जागा माझी आहे. बाबा गिरणीचा पट्टा चढवत होते, गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘गणपतीपर्यंत थांबू. गणपतीला हिचं फूल निघालं तर जागा हिची, शेड दुसरीकडे. नाय निघालं तर कोबा. झालं?’ बायकांनी माना डोलावल्या. मलाही तो न्याय वाटला. सतराव्या वर्षी माणसाला बापाचा शब्द लेखी कागदासारखा वाटतो.

श्रावणात सगळ्यांत जाड दांड्याला छोटं पान आलं. तळहाताएवढं, देठ आखूड, इतर पानांत अगदी पोरकट दिसणारं. मी आईला हाताला धरून न्हाणीमागे नेलं आणि दाखवलं. माळी काय म्हणाला होता तेही सांगितलं. आई म्हणाली, ‘बरं, बरं. तूप उतू जाईल,’ आणि आत गेली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे आई आयुष्यभर म्हणत राहिली की तिला मी काही सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात दादाच्या गाडीचा आणि नोकरीचा म्हणून सत्यनारायण ठरला. पूजेच्या सकाळी मला विड्याची पानं, झेंडूची फुलं आणि दूध आणायला पेणच्या बाजारात पाठवलं. दूध लवकर मिळालं नाही. परत आले तेव्हा भटजी सुरू झाले होते. आई-बाबा पाटावर बसले होते, बाबांच्या उपरण्याला आईच्या शालूचा पदर बांधलेला. समोर चौरंग, आणि चौरंगाच्या चार पायांना सुतळीने बांधलेले चार खुंट. हिरवेगार, ताठ, डावीकडे एक पान, उजवीकडे एक पान.

मी दूध खाली ठेवलं. नीट ठेवलं, सांडलं नाही.

‘हे कुठून कापलं?’

दादा अभिमानाने म्हणाला, ‘मागनं. सकाळीच. विकत कोण आणतंय?’

‘ती केळ नाही.’

‘केळच हाय. पान बघ की.’

‘दादा, ती केळ नाही. पूजेला केळ लागते आणि ही केळ नाही. तू माझी झाडं कापलीस.’

बाबा पाटावरून वळले. उठता येत नव्हतं, गाठ बांधलेली. एरवी ते उठून माझ्यापर्यंत आले असते आणि विषय तिथेच संपला असता. त्या दिवशी ते बसल्या जागी ओरडले, ‘नंदे, पूजा चाललीय! गप बस!’ गिरण बंद होती, तरी भांडी थरथरली असतील. आईने मान खाली घातली होती आणि ती हळदकुंकवाच्या करंड्याशी उगीच खुडबूड करत होती. भटजींना बाराला दुसरीकडे पूजा होती. ते म्हणाले, ‘मुली, देव भावाचा भुकेला असतो. हिरवं आहे ना? मग झालं. हं यजमान, डोळ्यांना पाणी लावा.’

मला अजूनही कधी कधी वाटतं, तिथे दादा नुसतं ‘चुकलं’ म्हणाला असता तर मी आत जाऊन प्रसादाचा रवा भाजायला घेतला असता. तो म्हणाला, ‘दोन वर्षं झाली, फूल ना फळ. गणपतीपर्यंत काय दिवे लागणार होते?’

छोट्या पानाचा खुंट आईच्या बाजूच्या कोपऱ्यात होता. मी तिथे गेले, सुतळी तोडली आणि तो ओढून काढला. वरच्या आंब्याच्या डहाळ्यांची माळ तिरकी झाली. बायकांनी एकदम तोंडावर हात घेतले. आत जाऊन कोयता आणला, ओसरीवर बसले आणि तो दांडा उभा चिरला. हे दांडे म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या पानांचे देठ असतात. कांद्यासारखे पापुद्रे निघत जातात. मी एकेक सोलत वर गेले. वरच्या टोकाजवळ, सगळ्यांत आतल्या पापुद्र्यात, ते होतं. माझ्या मधल्या बोटाएवढं. एकमेकींवर घट्ट दुमडलेल्या होड्या, फिकट गुलाबी, टोकाला हिरवट पिवळी धार. आठ-दहा दिवसांत बाहेर आलं असतं. गणपतीच्या खूप आधी.

मी ते तळहातावर घेऊन पाटासमोर उभी राहिले. ‘हे फूल. हे आत होतं.’

एक काकी पुढे वाकून बघून गेली आणि हळूच म्हणाली, ‘बाय माजे. खरंच हाय गो.’ भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. ‘त्या कोपऱ्यात एक सुपारी ठेवा आणि अक्षता वाहा. चालतं.’ आणि पूजा पुढे चालली. तीन खुंट आणि एक सुपारी. आपल्याकडे नसलेल्या कुठल्याही गोष्टीच्या जागी सुपारी ठेवता येते, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे मीही बऱ्याच पूजा केल्या, पण त्या कोपऱ्यात सुपारी ठेवताना भटजींचा हात जितका सहज गेला तितक्या सहजपणे कुणी कुणाचं काही नाहीसं केलेलं मी पाहिलेलं नाही.

राग आला की जेवण सोडणाऱ्यांतली मी नाही. दुपारी पंगत उठल्यावर घरचे बसले, मी पण बसले. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, वरण-भात, प्रसादाचा शिरा. सगळं माझ्या हातचं किंवा आईच्या. दादा शिऱ्याचा तिसरा वाढा घेत होता. मी बाबांना सरळ विचारलं, ‘मग जागेचं काय?’

‘कसली जागा?’

‘फूल आलं होतं. सगळ्यांनी बघितलं.’

बाबांनी भात कालवला. ‘फूल निघालं तर, असं मी म्हणालो होतो. निघालं काय?’

‘कापलं म्हणून नाही निघालं!’

‘कापलं ते कापलं. आता गणपतीपर्यंत नवीन काय उगवणार नाय. गवंडी उद्याच येतोय, पावसानं उघडीप दिलीय. दोन पोती सिमेंट आणून ठेवलंय, ते भिजवायचं काय?’

‘तुम्ही सिमेंट कधी आणलंत?’

सिमेंट गिरणीत, पोत्यांमागे ठेवलेलं होतं. गणपतीपर्यंत थांबायचा शब्द देणाऱ्याने श्रावणातच सिमेंट आणलं होतं. मी दादाकडे वळले. ‘तुझी गाडी आधीपासून तिथेच जाणार होती तर कापलीस कशाला? आमच्या केळी आहेत की चांगल्या.’

‘मला काय ठावं? आईनं सांगितलं, त्या कोपऱ्यातल्या काप.’

आई वाढत होती. पळी हातात तशीच राहिली.

‘माझ्या केळीला लोंगर धरलंय,’ ती म्हणाली. ‘गणपतीला केळी नको? ती कापायची काय? तुझ्या झाडाला काय फळ लागणार होतं, नंदे? बघायला बरं, एवढंच ना?’

‘छोटं पान तुला दाखवलं होतं मी.’

‘दाखवलं असशील. मला घरात शंभर कामं. आन् देवाला काय कळतंय कुठची केळ ती?’

दादाला खरंच कळलं नव्हतं. त्याला केळ आणि हेलिकोनिया आजही दाखवली तर तो चुकेल. आईला पक्कं कळत होतं. तिला ती केळ नाही हे माहीत होतं, फूल येतंय हे माहीत होतं, बाबांचा शब्द माहीत होता. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि घरात ज्याचं जाणं कुणाला टोचणार नाही ते कापायला सांगितलं. दादाच्या अडाणीपणावरचा माझा राग चार महिन्यांत उतरला, बाबांवरचा ते गेल्यावर. आईवरचा उतरला नाही. मी तिची शेवटपर्यंत सेवा केली, तिचं सगळं केलं, आणि तो राग तसाच ठेवून केलं. दोन्ही एकत्र होऊ शकतं. लोक उगीच मानतात की एकाने दुसरं संपतं.

संध्याकाळी बाबांनी गिरण सुरू केली. दादाने गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मित्राला मागे बसवून नागोठण्याला सेकंड शिफ्टच्या लोकांना पेढे द्यायला गेला. मी भांडी घासली. बाबा गिरणीतून आत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, ‘मी उद्या आत्याकडे जाते.’ ते म्हणाले, ‘जा की. राग गेला की ये.’ ते मनापासून म्हणाले. पोरगी दोन दिवस रुसेल, आत्या समजूत घालेल, मग परत भाकऱ्या. ते तसंच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी न्हाणीमागे गेले. कापलेले बुंधे ओल्या मातीत पांढरे दिसत होते. पहार घातली आणि चारी बाजूंनी माती सैल करत करत सगळा गड्डा उचलला. तो मी आणला होता त्याच्या पाचपट झाला होता. एकही कोंब मागे ठेवला नाही. हाताने माती चाचपून बघितली. दोन गोणपाटं भरली, तोंडं सुतळीने शिवली. गवंडी आला तेव्हा मी हातपाय धूत होते. खड्डा बघून तो म्हणाला, ‘वा, माझं खोदकाम वाचलं.’ आईने पाठीमागून विचारलं, ‘आन् भाकऱ्या?’ मी म्हटलं, ‘पीठ घरचं आहे, चूल घरची आहे.’ दादा झोपला होता.

रामवाडीला एसटी भरून आली. कंडक्टरने गोणींकडे बघून विचारलं, ‘काय आहे?’ मी म्हटलं, ‘हेलिकोनिया.’ त्याने मान हलवली, जणू रोजच बसमध्ये चढते. नागोठण्याला निम्मी बस उतरली, मग मला बसायला मिळालं. गोणी पायांत धरल्या होत्या, माझी साडी गुडघ्यापर्यंत मातीने भरली होती आणि शेजारची बाई आपला पदर सावरून बसली होती. रोह्याला उतरून एक गोण डोक्यावर, एक काखेत, अशी आत्याच्या दारात पोचले. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, गोणींकडे बघितलं.

‘किती दिवस राहणार?’

‘ह्यांना फूल येईपर्यंत.’

‘म्हणजे दोन वर्षं.’

‘दोन वर्षं.’

‘बरं. आधी आत ये, चहा टाकते.’

‘चहा नंतर,’ मी म्हटलं. ‘आधी कुदळ दे.’